आईची पॉलिसी चालू ठेवू की सोडू? (आणि एकोणीस वर्षांचे हप्ते गेले कुठे?)

रामबागकर · १८ नोव्हेंबर, रात्री १०:५२

मंडळी, सल्ला हवाय आणि भडासही काढायचीय. दोन्ही एकाच धाग्यात उरकतो.

आई ७२, बाबा ७७. राहणार रामबाग, इंदूर. बाबा मास्तर होते. मी इथेच असतो, लहानसा छापखाना आहे. धाकटा भाऊ पुण्यात. २००६ साली बाबांनी दोघांची मेडिक्लेम काढली, प्रत्येकी ३ लाखांची. पहिला हप्ता दोघांचा मिळून सहा हजारांच्या आत होता. एकोणीस वर्षांच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, सालवार, रबरबँड लावून. इतक्या वर्षांत क्लेम एकही नाही. बाबांना त्याचा अभिमान होता, शाळेत शंभर टक्के हजेरी असल्यासारखा.

ऑक्टोबरात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. रात्री साडेअकराला एका खासगी इस्पितळात नेलं (नाव लिहीत नाही, विमा कंपनीचंही नाही, इथे कुणाशी कोर्टकचेरी करायला आलेलो नाही). काउंटरवर सांगितलं, "अभी यही रूम खाली है." भाडं ६,००० रुपये. आई कण्हत असताना मी भाव करत बसणार होतो का? सही केली.

ऑपरेशन छान झालं, डॉक्टर देवमाणूस. पाचव्या दिवशी बिल आलं २,७४,०००. मनात म्हटलं, कव्हर ३ लाखांचं आहे, सुटलो. मग कंपनीचं पत्र आलं: मंजूर १,३०,०००. कारण आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,०००. आम्ही दुप्पट भाड्याची खोली घेतली, म्हणून सगळंच बिल अर्धं! डॉक्टरची फी अर्धी, औषधं अर्धी, खुब्यात घातलेला रॉडही अर्धा. अर्धा रॉड कुठे मिळतो, कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

१,४४,००० खिशातून गेले. आणि आता रिन्यूअलची नोटीस आलीय, मुदत १४ डिसेंबर. गेल्या वर्षी मूळ हप्ता ४९,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५८,४१० भरले होते. यंदा २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, म्हणून खूश होतो. नोटीस ५४,४५० ची आहे. मूळ हप्ता बरोब्बर दहा टक्क्यांनी वाढलाय. सरकारने ८,९१० सोडले, त्यातले ४,९५० कंपनीने उचलले.

भाऊ म्हणतो, बंद कर. बाबा म्हणतात, एकोणीस वर्षं भरलेत, आता सोडायची? मला एवढंच कळत नाही, की ते एकोणीस वर्षांचे पैसे आहेत कुठे?

फाईल नंबर ४२ · १८ नोव्हेंबर, रात्री ११:३५

रामबागकर, मी सरकारी विमा कंपनीत एकतीस वर्षं काढली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कटू आहे: ते पैसे कुठेच नाहीत.

एलआयसीची बचत पॉलिसी आणि मेडिक्लेम ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, असं लोकांना वाटतं. तसं नाही. मेडिक्लेम ही दर वर्षाची वेगळी भिशी आहे. यंदा जमलेले यंदाच्या आजाऱ्यांना गेले, उरलेल्यातून खर्च आणि नफा, आणि ३६५ व्या दिवशी भिशी मोडली. दुसऱ्या दिवशी नवी भिशी, आणि तिच्यात तुमचं वय एका वर्षाने जास्त. तुमच्या बाबांनी साठीत भरलेले पैसे तेव्हाच्या सत्तरीवाल्यांच्या बिलात गेले. तुमच्या आईच्या नावाने एक पैसा राखून ठेवलेला नाही.

१९८६ ला मेडिक्लेम आली, तेव्हा फक्त सरकारी कंपन्या विकायच्या. त्या वेळी आम्हीही लोकांना "लवकर घ्या, म्हातारपणी उपयोगी पडेल" असंच सांगायचो. खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. लवकर घेतली तर वेटिंग पीरियड (ज्या सुरुवातीच्या काळात ठरावीक आजारांचा क्लेम मिळत नाही तो) संपतात, जुने आजार आत येतात, रिन्यूअल कुणी नाकारू शकत नाही. पण हमी आहे ती रिन्यूअलची, किमतीची नाही. या धंद्यातला खरा अन्याय मला विचाराल तर हाच. क्लेम नाकारला तर माणूस भांडू तरी शकतो. हप्ता वाढून वाढून पॉलिसी सुटली तर त्याला "ग्राहकाने नूतनीकरण केले नाही" म्हणतात.

आता पुणेकर · १९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

इतकं डोकं कशाला? मी आईवडिलांची पॉलिसी तीन वर्षांपूर्वी बंद केली. दर वर्षी तेवढीच रक्कम एफडीत टाकतो. आजार आला तर माझे पैसे, नाही आला तरी माझेच.

बाकी रामबाग वाचून इंदूरची आठवण झाली. पोहे खाल्लेत का सकाळी?

नंदानगरचा · १९ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

पोहे खाल्ले भिया, शेव टाकून. तुमच्याकडे अजून भिजूनच राहिले असतील.

तीन वर्षांची एफडी दोन लाख धरू. बायपास लागली तर? तुम्ही तरुण आहात, पगार आहे, हिशोब जमून जाईल. ज्याच्याकडे एफडीच नाही त्याने काय करायचं?

सुदामानगर ताई · १९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

एक मिनिट. सगळे तत्त्वज्ञानात शिरण्याआधी, रामबागकर दादा, बिलाची फोड टाका. खोली किती, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि डॉक्टर किती, औषधं-तपासण्या-इम्प्लांट किती. "सगळंच बिल अर्धं" म्हणालात तिथे मला शंका आली.

रामबागकर · १९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ताई, घ्या. खोली पाच दिवस ३०,०००. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट, नर्सिंग मिळून १,२०,०००. औषधं, एक्स-रे, रक्ततपासण्या आणि तो रॉड-स्क्रू मिळून १,१०,०००. हातमोजे, डायपर, फाईलचे पैसे वगैरे १४,०००, ते त्यांनी पूर्ण कापले. बाकी सगळ्याला सरसकट ५० टक्के.

सुदामानगर ताई · १९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

वाटलंच होतं. त्यांनी चूक केलीय, किंवा चालून गेलं तर बरं म्हणून केलंय.

विमा नियामकाचे, म्हणजे आयआरडीएआयचे २०२० पासूनचे नियम असे: खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर खोलीशी निगडित खर्च त्या प्रमाणात कापता येतो, म्हणजे डॉक्टर, ओटी, नर्सिंग वगैरे. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. रॉडची किंमत खोलीवर ठरत नाही, एवढं त्यांनाही मान्य आहे. शिवाय जे इस्पितळ खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाही, तिथे ही कापणी मुळातच चालत नाही. तेही इस्पितळाकडून लेखी घ्या.

म्हणजे तुम्हाला १५,००० अधिक ६०,००० अधिक पूर्ण १,१०,०००, असे १,८५,००० मिळायला हवेत. ५५,००० कमी दिलेत.

आता पायऱ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, बिलाच्या प्रती जोडून. फोनवर बोलायचं नाही, फोनवर सगळे गोड असतात. सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या मध्य प्रदेशासाठी कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. निकाल कंपनीला बांधील, तुम्हाला नाही. नाही पटला तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या २३,००० साठी मी स्वतः केलंय. सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती. मी साडी नेसून, कागद लावून बसले होते. समोरच्या कंपनीच्या मुलाने फाईलच उघडलेली नव्हती. अकरा मिनिटांत संपलं.

बडोद्याची लेक · १९ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

ताईंना दुजोरा. माझं माहेर बडोदा. तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाने मार्च २०२३ मध्ये दिलेला निकाल खूप गाजला होता. चोवीस तास भरती नव्हती म्हणून कंपनीने क्लेम नाकारला होता. आयोगाने म्हटलं, पूर्वी उपचारांना दिवस लागायचे, आता नव्या तंत्रामुळे कमी वेळात होतात. निव्वळ चोवीस तास भरले नाहीत म्हणून नाकारता येणार नाही. रक्कम पन्नास हजारांच्या आतली होती, तरी तो माणूस लढला.

दवाखान्याच्या मागे · १९ नोव्हेंबर, रात्री ९:४८

मी डॉक्टर. वीस खाटांचं नर्सिंग होम आहे. शिव्या खाण्याची तयारी ठेवून लिहितोय.

रामबागकरांना रात्री "यही रूम खाली है" सांगितलं गेलं, ते खरंही असेल. पण आमच्या धंद्यात पेशंट आला की पहिला प्रश्न "क्या तकलीफ है" नसून "पॉलिसी है?" असा झालाय, हे मी नाकारणार नाही. रोखीचा दर वेगळा, पॉलिसीचा वेगळा. त्याची आमची बाजू अशी, की टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणारी मधली संस्था) पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो, त्यातही काहीतरी कापतो, मंजुरीसाठी एक पोरगा दिवसभर संगणकावर बसवावा लागतो. तो खर्च बिलात शिरतो. मग कंपनी म्हणते, इस्पितळं फुगवतात, म्हणून कापतो. आम्ही म्हणतो, कापतात, म्हणून फुगवतो. दोघांच्या मध्ये तुमची आई.

दर ठरवा म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला टोपी घातली, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६००. त्याआधी लाखाच्या वर बिलं लागत. फायदा झाला, निश्चित झाला. पण माझ्या पाहण्यात कित्येक ठिकाणी अँजिओप्लास्टीचं पॅकेज तेवढं उतरलं नाही. प्रोसिजर चार्ज म्हणून दुसऱ्या ओळीत गेलं. एक वस्तू दाबली की दुसरीकडे फुगवटा येतो. दाबायचं तर पूर्ण बिल दाबावं लागेल, आणि ते करताना माझ्यासारखं वीस खाटांचं आणि काचेच्या इमारतीतलं तीनशे खाटांचं इस्पितळ एका मापाने मोजू नका. नाहीतर लहान दवाखाने बंद पडतील आणि उरतील फक्त काचेवाले.

आता पुणेकर · १९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

डॉक्टर, प्रामाणिक लिहिलंत, मानलं. पण "फुगवतो" हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत, याचीच भीती वाटते.

दवाखान्याच्या मागे · १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मलाही.

नंदानगरचा · २० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मी एक वेगळी गोष्ट सांगतो, धाग्याला लांब वाटेल.

माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते, साच्यावर. आम्ही नंदानगरात वाढलो, मजुरांची वस्ती. तिथे ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं इस्पितळ आहे, अजून आहे. वडिलांच्या पगारातून थोडे कटायचे, मालक त्याहून जास्त भरायचा. माझा टायफॉइड, आईची बाळंतपणं, आजीचा दमा, सगळं तिथेच झालं. भरती करताना कुणी विचारलं नाही की दमा आधीपासूनचा आहे का. कुणी म्हणालं नाही की खोली महागाची घेतली (खोली होतीच कुठे, वॉर्ड होता, आणि वॉर्डात उवाही होत्या, खोटं कशाला बोलू). लाईन लांब, औषध कधी असायचं कधी नसायचं. पण बिल नावाचा कागद आमच्या घरात आला नाही.

म्हणजे हा पण विमाच होता ना? तरुण मजूर भरायचा, म्हातारा मजूर वापरायचा. हप्ता वयावर नव्हता, पगारावर होता. आजही तसंच आहे, पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे. देशात १९५२ पासून चालून राहिलंय. मग जे मजुरांसाठी जमलं ते बाबू लोकांसाठी, दुकानदारांसाठी का नाही जमत?

आणि त्यातली खोट पण सांगतो. मिल बंद पडली, ईएसआय पण गेलं. नोकरीला बांधलेला विमा नोकरीबरोबर बुडतो. थकलेल्या पैशांचा चेक २५ डिसेंबर २०२३ ला आला, चार हजार आठशे मजुरांचे मिळून २२४ कोटी. वडील तोपर्यंत राहिले नव्हते. त्यांच्या शेवटच्या आजारपणाला आम्ही आईच्या पाटल्या विकल्या होत्या.

सुदामानगर ताई · २० नोव्हेंबर, सकाळी ८:१२

नंदानगरचे दादा, तुम्ही कधीतरीच लिहिता. असं लिहीत जा.

फाईल नंबर ४२ · २० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

नंदानगरच्या दादांनी मर्मावर बोट ठेवलं. ईएसआय चालतं कारण त्यात शिरणं ऐच्छिक नाही. उद्या सरकारने म्हटलं, सगळ्यांना सारखाच हप्ता, आजार विचारायचा नाही, आणि घेणं मात्र मर्जीवर ठेवलं, तर निरोगी तरुण बाहेर राहील आणि छातीत कळ आल्यावर प्रपोजल फॉर्म भरेल. कंपनी सहा महिन्यांत बुडेल. हा कंपन्यांचा बहाणा नाही, गणित आहे. नेदरलँड्समध्ये २००६ पासून खासगी कंपन्याच विमा देतात, पण मूळ पॉलिसी प्रत्येकाने घ्यावीच लागते, कुणालाही नाकारता येत नाही, आणि ज्या कंपनीकडे आजारी जास्त तिला सामाईक निधीतून भरपाई मिळते. म्हणजे आजारी गिऱ्हाईक टाळण्यात फायदाच उरत नाही.

दुसरं, हिशोब. आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या अहवालातले आकडे मी वहीत उतरवून ठेवलेत, जुनी खोड. आरोग्यविम्याचे एकूण दावे १.१७ लाख कोटींचे, दिले सुमारे ८३,५०० कोटी. साफ नाकारलेले सुमारे १०,९०० कोटी, आणि "अटींनुसार अमान्य" सुमारे १५,१०० कोटी. म्हणजे नकारापेक्षा कापणी मोठी! नकाराची बातमी होते. कापणीची होत नाही, कारण डिस्चार्जच्या घाईत माणूस सही करून मोकळा होतो. रामबागकर, तुमचे ५५,००० याच जातीचे.

अजून एक. त्याच वर्षी हप्त्याच्या दर १०० रुपयांतले दाव्यांवर किती गेले? सरकारी कंपन्यांचे १०३, खासगी साधारण विमा कंपन्यांचे ८८ च्या आसपास, आणि फक्त आरोग्यविमाच विकणाऱ्या कंपन्यांचे ६५ च्या आत. लगेच खलनायक ठरवू नका. सरकारी कंपन्यांचे १०३ होतात याचं एक कारण असं, की मोठ्या कारखान्यांच्या, आयटीवाल्यांच्या ग्रुप पॉलिसी तोट्यात घेतल्या जातात. हजारो माणसं एकदम मिळतात म्हणून भाव पाडून द्यायचा. रामबागकरांचा भाऊ अशा नोकरीत असेल तर तो स्वस्तात, रामबागकर महागात. ज्याची बाजू घ्यायला मोठी कंपनी आहे त्याला सूट आणि छापखानेवाल्याला पूर्ण भाव, यात न्याय कुठला?

पण ६५ चा आकडा मला खुपतो. नियमाप्रमाणे फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या कंपनीला व्यवस्थापन खर्च, कमिशन धरून, हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत करता येतो. खर्चाला वरची मर्यादा आहे, दाव्यांना खालची नाही. अमेरिकेला आपण नावं ठेवतो, पण तिथे २०१० च्या कायद्याने वैयक्तिक पॉलिसीत किमान ८० टक्के उपचारांवर खर्च करावेच लागतात, कमी पडले तर फरक ग्राहकाला परत. ही एक ओळ आपल्याकडे आली तरी मी पेढे वाटीन.

एजंट म्हणा हवं तर · २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४४

नेहमीप्रमाणे कमिशनवर गाडी आली. काका, तुम्ही ऑफिसात पंख्याखाली होता, गल्लोगल्ली आम्ही फिरलो. माझ्या किती गिऱ्हाइकांचे क्लेम मी रात्री दोनला उठून मार्गी लावलेत, त्याचे पैसे कुणी देत नाही.

गेल्या दोन वर्षांत चांगलंही झालंय, ते कुणी लिहीत नाही. आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड ४८ महिन्यांवरून जास्तीत जास्त ३६ वर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. कॅशलेसची मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. ज्येष्ठांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हे जानेवारी २०२५ पासून.

रामबागकर · २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

दादा, तुमच्यावर राग नाही. पण तीन तास? आमची फाईल सकाळी अकराला गेली, मंजुरी संध्याकाळी साडेसातला. आई व्हीलचेअरवर, अंगावर शाल, रिसेप्शनसमोर.

आणि ती दहा टक्क्यांची टोपी. टोपी कसली, जिना आहे. दर वर्षी दहा टक्के म्हणजे सात-सव्वासात वर्षांत दुप्पट. आई ऐंशीची होईल तेव्हा लाखाच्या वर.

फाईल नंबर ४२ · २० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४१

तीन तासांहून उशीर झाल्यामुळे इस्पितळाने जादा आकारणी केली असेल, तर ती कंपनीने भागधारकांच्या पैशातून भरायची असा नियम आहे. तुमच्या बिलात सहाव्या दिवसाचं भाडं नाही ना, पाहून घ्या.

गुपचूप वाचक · २० नोव्हेंबर, रात्री ११:१०

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या एजंटने यजमानांचा बीपी फॉर्मवर "नाही" लिहिला, म्हणाला हप्ता वाढेल. २०२२ ची पॉलिसी. आता भीती वाटते. काय करू?

एजंट म्हणा हवं तर · २० नोव्हेंबर, रात्री ११:२६

वहिनी, आजच कंपनीला लेखी कळवा. थोडा हप्ता वाढेल, वेटिंग लागेल, वाईटात वाईट म्हणजे पॉलिसी रद्दही करतील, तेव्हा हातात दुसरी सोय ठेवून कळवा. पण इस्पितळात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. ६० महिने भरायची वाट बघत बसू नका, मधल्या काळात काही झालं तर? आणि ज्याने "नाही" लिहिलं त्याच्याकडून पुढचं काही घेऊ नका. सही तुमची असते, हे तो विसरत नाही.

आता पुणेकर · २१ नोव्हेंबर, सकाळी ९:००

सत्तरीच्या वर सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं ना? ५ लाखांचं. मग खासगीचा खटाटोप कशाला?

सुदामानगर ताई · २१ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

मिळतं. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटापासून, उत्पन्न कितीही असो, खासगी पॉलिसी असली तरी. आधार पुरतं. दादा, आई-बाबांचं काढलं नसेल तर काढाच, फुकट आहे. पण "खटाटोप कशाला" म्हणण्याआधी चार इस्पितळांना फोन करून विचारा, की कार्डावर खुब्याचं ऑपरेशन उद्या करता का. मी सासूबाईंसाठी केले होते. एक म्हणाले यादीत आहोत पण तो विभाग नाही, एक म्हणाले पलंग नाही, एकांनी फोन ठेवला. चौथ्यांनी हो म्हटलं आणि व्यवस्थित केलं, तेही लिहायला हवं.

दवाखान्याच्या मागे · २१ नोव्हेंबर, दुपारी २:२०

"पलंग नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "त्या दरात पलंग नाही" असा असतो. इंदूरच्या एमवाय या सरकारी इस्पितळात मी इंटर्न होतो. तिथे पलंग नसला तर जमिनीवर गादी टाकायचे, पण परत पाठवत नसत. सरकारने तिथे पैसे घातले तर या धाग्यातले अर्धे प्रश्न उरणार नाहीत. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च म्हटलं होतं. २०२१-२२ ला तो १.८४ होता.

फाईल नंबर ४२ · २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०५

डॉक्टरसाहेब, सहमत. पण एमवाय सुधारेपर्यंत रामबागकरांच्या आईंनी थांबायचं का? खासगी विमा राहणारच असेल तर मूळ रचना बदला, मी एवढंच म्हणतो. जर्मनीत खासगी आरोग्यविमा घेणाऱ्याकडून तरुणपणी थोडं जास्त घेतात आणि ते त्याच्या म्हातारपणासाठी वेगळं राखून ठेवावं लागतं, कायद्याने. त्याचे हप्तेही वाढतात, ओरड तिथेही आहे, पण "माझे पैसे कुठे आहेत" या प्रश्नाला उत्तर तरी आहे. आपल्याकडे हे करणं अवघड नाही. एलआयसी आयुर्विम्यात राखीव निधी ठेवतेच ना. आरोग्यात मात्र वर्षाची भिशी, का तर तशी चाल पडलीय.

रामबागकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: भरा. चिडून का होईना, भरा. वय ७२, खुब्यात रॉड, आता बाहेर पडलात तर परत कुणी दार उघडणार नाही. वयाची अट काढलीय म्हणतात, पण घ्यायचं की नाही हे कंपनीच ठरवते.

रामबागकर · २९ डिसेंबर, रात्री ९:१८

उशिरा लिहितोय, माफी.

ताईंनी सांगितलं तसं २१ नोव्हेंबरलाच ईमेल टाकला होता. आधी उत्तर आलं, "पॉलिसीच्या अटींनुसार योग्य कपात." मग २०२० चा नियम आणि फोड तक्त्यात मांडून परत पाठवलं, खाली लिहिलं की पुढचा कागद भोपाळला जाईल. २४ डिसेंबरला ५५,००० खात्यात आले. पत्र नाही, कारण नाही. नुसता बँकेचा मेसेज.

रिन्यूअल १२ तारखेलाच केलं, ५४,४५०. भाऊ निम्मे देतो म्हणाला. आयुष्मानची कार्डंही काढली. आई आता काठी घेऊन दत्त मंदिरापर्यंत जाते. बाबांनी विसावी पावती डब्यात ठेवली. झाकण बसत नाहीये, म्हणून मी नवा डबा आणू का विचारलं, तर नको म्हणाले, जुन्या पावत्या काढून टाकू, तसंही त्या कशाला लागतात. हे ते स्वतःहून म्हणाले.

सुदामानगर ताई · २९ डिसेंबर, रात्री ९:३०

अभिनंदन! पण पावत्या टाकू देऊ नका. सलग पॉलिसी किती वर्षांची, हे दाखवायला लागतात.

आणि व्याज मागितलंत का? उशिरा दिलेल्या क्लेमवर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज द्यावं लागतं त्यांना.

रामबागकर · २९ डिसेंबर, रात्री ९:४४

नाही मागितलं. लक्षातच आलं नाही. दोन महिन्यांचे किती होतील, हजारभर?

सुदामानगर ताई · २९ डिसेंबर, रात्री ९:४६

कमीच. तरी मागा.

रामबागकर · २९ डिसेंबर, रात्री ९:५१

बाबा शेजारी बसून वाचतायत. म्हणतात, मसुदा मी लिहितो.